कौसाबाईची खारट डाळ

"मिस्त्री, हा नळ सोमवारपासून बंद. बिलकुल बंद."

शेठजी आमच्या जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या भिंतीपाशी उभे होते. भिंतीत पितळी नळ, नळाखाली घागरींची रांग आणि रांगेत आमच्याच कामगार बायका. मालकाला बघून त्यांनी पदर सावरले, पण जागा एकीनेही सोडली नाही. मी तिथला बॉयलर अटेंडंट. हुद्दा इंग्रजी, हाक मात्र साऱ्या जालन्याची 'मिस्त्री'. तो नळ मी शेठजींना न विचारता बसवला होता, त्यामुळे माझी बाजू मुळातच लंगडी होती.

नळ कशाचा, ते सांगतो. बॉयलर म्हणजे लोखंडाचा मोठा बंद हंडा. त्यात वाफ होते, ती पाईपातून इंजिनकडे जाते आणि इंजिनवर कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, म्हणजे जिन, चालतात. वाटेत थोडी वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. ते इंजिनात जाऊ द्यायचं नसतं. वाफ दाबली तर दबते, पाणी दबत नाही. ते थेट इंजिनचं झाकण फोडतं. म्हणून वाटेतच एका तोटीने ते काढून टाकतात. आमच्याकडे वर्षानुवर्षं ते गटारात जात होतं.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, सरपण परवडेना. आमच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी असं खारं, की दोन वेळचं सरपण जाळलं तरी डाळीचा दाणा मऊ होत नसे. कौसाबाई आमच्याकडे जिनवर कापूस घालायची. अंबडकडची, नवरा मोंढ्याच्या धान्यबाजारात हमाल, घरात सासू आणि दोन लेकरं. एकदा तिने तोटीखालचं पाणी तांब्यात धरून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मिस्त्रीभाऊ, तुमच्या पाण्यात डाळ लोण्यावानी शिजली. निम्म्या काड्यात!"

मला भारी आनंद झाला. वाफेचं पाणी म्हणजे पावसाच्या पाण्यासारखं, त्यात क्षार नसतो. मी एक जुना पाईप भिंतीतून पलीकडे काढला आणि नळ लावला. महिनाभरात पंधरा चुलींचं सरपण निम्म्यावर आलं.

आणि आता शेठजी.

"फुकटची सवय वाईट," ते म्हणाले. "आज पाणी, उद्या लाकूड मागतील. इकडं माझा लाकडाचा खर्चा वाढून राह्यला."

"शेठजी, हे पाणी आधी गटारात जात होतं."

"गटारात जात होतं तवा खर्चा कमी होता."

लाकूड खरंच जास्त जळत होतं. का, ते मला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कबूल करायची माझी तयारी नव्हती. बायकांकडे न बघता मी आत निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई तरातरा बॉयलरपाशी आली.

"मिस्त्रीभाऊ, पाण्यात काय टाकून राह्यले तुम्ही? काल डाळ खारट झाली. सासू म्हणे, मीठ दोनदा घातलं. मी म्हणलं एकदाच. तिनं ताट सरकवलं. घरात रडारड!"

माझं डोकं आधीच तापलेलं. "धर्माची गाय अन् दात का न्हाय?" मी ओरडलो. "ज्या पाण्यापायी मी शेठजींच्या शिव्या खाल्ल्या, त्याची आता चव काढतेस?"

ती हलली नाही. "म्हणून आज मीठ टाकलंच न्हाई. तरी खारट. घ्या, चाखा."

तिने नळाच्या पाण्याने भरलेला तांब्या पुढे केला. माझा राग जागच्या जागी थांबला. या बाईने घरच्या चुलीवर रीतसर परीक्षा घेतली होती. मी घोट घेतला. खारट. चांगलं जिभेला लागेल इतकं खारट.

वाफेत मीठ नसतं. मीठ खाली हंड्यात राहतं. मग वाफेच्या पाण्यात ते आलं कुठून? एकच उत्तर होतं. हंड्यातलं पाणी फेसाळून वाफेबरोबर इंजिनकडे चाललं होतं. याला आमच्याकडे प्रायमिंग म्हणतात. बॉयलरच्या काचनळीत दिसणारी पाण्याची पातळी दोन दिवस नाचत होती, इंजिनात मधूनच टकटक होत होती. मी दोन्हीकडे काणाडोळा केला होता.

मी इब्राहिमला हाक मारली. इब्राहिम आमचा फायरमन, भट्टीत लाकूड घालणारा.

"ब्लो-डाऊन कधी केलास?"

ब्लो-डाऊन म्हणजे हंड्याच्या तळाचं खारट, गढूळ पाणी रोज थोडं बाहेर सोडणं, नाहीतर क्षार साचून पाणी फेसाळतं. इब्राहिमने मान खाली घातली.

"पंधरा रोज हो गए, मिस्त्रीसाब. सेठजी बोले, लकडी जला को गरम करा सो पानी नक्को फेको."

मी इंजिन थांबवलं. बाहेर तीर्थपुरी, भोकरदनकडून आलेल्या कापसाच्या गाड्यांची रांग होती. ऐन हंगामात इंजिनचा आवाज बंद झाला तसे शेठजी धावत आले.

"गाड्या उभ्या आहेत! काय झालं?"

मी तांब्या पुढे केला. "चाखा."

"हे काय?"

"वाफ."

त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग मी त्यांना इंजिनपाशी नेलं. झाकणाचे दोन बोल्ट ताणून सैल झाले होते. अजून थोडा वेळ इंजिन चालतं, तर झाकण उडालं असतं, आणि समोरच जिनवर बायका बसतात.

"चूक माझी," मी म्हणालो. "रोज विचारायला हवं होतं. इब्राहिमवर सोडून मोकळा झालो. पण त्याला मना कुणी केलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. गरम पाणी वाचवायला गेलात आणि हंड्याला आतून क्षाराचा थर बसला, आच पाण्यापर्यंत पोचेना. म्हणून तर लाकूड जास्त जळत होतं."

शेठजींनी सैल बोल्ट बोटाने हलवून पाहिला. मग विचारलं, "हे कळलं कुणाला?"

"कौसाबाईच्या सासूला. पण तिनं ते सुनेवर ढकललं."

दोन दिवस फॅक्टरी बंद ठेवून बॉयलर थंड केला, आतला खार खरवडून काढला, बोल्ट बदलले. पुन्हा सुरू झाला तेव्हा लाकूड पहिल्यासारखं कमी जळू लागलं. सोमवारी शेठजी भिंतीपाशी आले. रांग होतीच. कौसाबाई सगळ्यांत पुढे, नळावर हात ठेवून.

"फुकट मी कुणाला काही देत न्हाई," शेठजी म्हणाले. त्यांनी कौसाबाईकडे बोट केलं. "रोज पहिली घागर ही बाई भरील आणि पाणी चाखून मिस्त्रीला सांगील. बदल्यात सगळ्यांना पाणी. हा सौदा आहे. धरम न्हाई."

"सौदा तर सौदा," कौसाबाई म्हणाली. "पर सुट्टीच्या दिवशी जिन बंद ऱ्हातंय. त्या दिवशी काय करावं?"

"त्या दिवशी विहिरीचं प्या!" शेठजी खेकसले, पण जाताना हसत होते.

पुढे बॉयलर इन्स्पेक्टर आले. वाफ स्वच्छ आहे की नाही, हे कसं तपासता, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. नळ मात्र मी तिथून निवृत्त होईपर्यंत वाहत होता.

काटकसर करावी, पण फेकायचं काय आणि राखायचं काय, ते आधी कळावं. आमच्याकडे फेकायचं पाणी राखलं जात होतं आणि राखायचं पाणी बंद होणार होतं. हे मी पुढे कितीतरी नव्या अटेंडंटांना शिकवलं. कौसाबाईच्या सासूला मात्र पटवू शकलो नाही. त्या दिवशी मीठ दोनदाच पडलं होतं, असं ती शेवटपर्यंत सांगायची.