कांताबाईंचं अडलेलं आमेन

वॉटफर्डच्या आमच्या मराठी मंडळीत प्रार्थना कुणीही करो, ती संपते कांताबाई भांबळांच्या आमेननं. पाहुण्यानं घसा बसेपर्यंत प्रार्थना केली तरी पहिल्या बाकावरून त्यांचं खणखणीत "आमेन" आल्याशिवाय मागचे चाळीस जण तोंड उघडत नाहीत, आणि चर्चच्या किचनमधल्या बाया पुलावाखालचा गॅस पेटवत नाहीत. हा नियम कुणी केला? कुणीच नाही. एक्याऐंशी साली ही मंडळी कांताबाईंच्या फ्रंट रूममध्ये सुरू झाली तेव्हा माणसं होती पाच, आणि मोठ्यानं आमेन म्हणायची त्यातल्या चौघांना लाज वाटायची. शेजारचे गोरे ऐकतील म्हणून!

कांताबाई मूळच्या नगरकडच्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. लग्न होऊन इथं आल्या आणि अठ्ठावीस वर्षं प्रायमरी शाळेत डिनर लेडी, म्हणजे पोरांना जेवण वाढणाऱ्या बाई, होत्या. मटार न खाणाऱ्या पोराकडे त्या नुसत्या बघायच्या, मटार संपायचे. एवढ्या बाईचं एकाच माणसापुढे काही चालायचं नाही, तो म्हणजे उदय. एकुलता एक. शिकला नॉटिंगहॅमला, नोकरी धरली टेक्सासात. तिथल्या त्याच्या चर्चचा कार पार्क आमच्या अख्ख्या गल्लीपेक्षा मोठा आहे म्हणे. सहा वर्षं आला नव्हता. का, ते मला ठाऊक आहे, पण सूनबाईंचा विषय मी या पानावर काढणार नाही.

गेल्या अमेरिकन निवडणुकीच्या आधी, ऑक्टोबरात, तो कामासाठी लंडनला आला. कांताबाईंचा आनंद काय सांगू! कारण त्याची मुलगी मायरा चौदा वर्षांची झाली होती, नोव्हेंबरात तिचा बाप्तिस्मा होता, आणि पोरीचा हट्ट होता की आजीनं येऊन मराठीत प्रार्थना करायची. तिकीट काढलेलं होतं. नातीला शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते.

शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला होतो. बोलावलं नव्हतं, पण मी जातो. उदयनं एक कागद आईपुढे सरकवला.

"आई, उद्या हा प्रार्थना मी करणार. आमचा चर्च लाइव्ह बघणार. मी सांगितलंय त्यांना, तुझ्या आजोबांना अमेरिकन मिशनऱ्यांनी बाप्तिस्मा दिला होता. They're so excited!"

कांताबाईंनी चष्मा लावला. चष्म्याआडून भुवया वर गेल्या. "यात हे कुणाचं नाव आहे रे?"

"आमचा उमेदवार. He's God's choice, आई."

"देवानं सांगितलं तुला?"

"आमच्या पास्टरनं सांगितलं."

"मग पास्टरची निवड म्हण. देवाचं नाव कशाला खराब करतोस? नाव काढ, बाकी प्रार्थना छान आहे."

मला राहवेना. "तुझा पक्ष कुठला रे? हत्तीचा की गाढवाचा?"

"हत्ती, काका. रिपब्लिकन. ऑफ कोर्स."

"माझा प्रभू यरुशलेमात गाढवावर बसून गेला," कांताबाई म्हणाल्या, "म्हणून मी कधी गाढवाला मत द्या म्हटलं का? उद्या गाढववाल्यांचं नाव आणलंस तरी मी हेच म्हणेन."

उदयचा चेहरा पडला. मग तो हळूच म्हणाला, "आई, सगळ्यांसमोर तू असं बोलली, तर मी तुला मायराच्या बाप्तिस्म्याला कसा नेऊ? लोक काय म्हणतील?"

कांताबाईंनी किटली उचलली. माझ्या कपात चहा ओतता ओतता बशीतही ओतला. अठ्ठावीस वर्षं पोरांना वाढलं, पण बाईंनी कधी थेंब सांडला नव्हता हो.

रविवारी हॉल भरला. खरं सांगायचं तर उदय सोडला तर त्या हॉलमधल्या एकालाही अमेरिकेत मत नव्हतं. इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीला निम्मे जात नाहीत! पण उदयनं फोन स्टँडवर लावला, टेक्सास जागं झालं आणि प्रार्थना सुरू झाली. आजारी आले, विधवा आल्या, आणि मग ते नाव आलं. एकदा नाही, चारदा. "देवा, हा तुझा लढाई आहे, यालाच जिंकव. येशूच्या नावानं मागतो."

थांबला. सगळे डोळे मिटून आमेनची वाट बघत उभे.

काही नाही.

"येशूच्या नावानं मागतो," उदय पुन्हा म्हणाला.

मी एक डोळा उघडला. माझ्या पुढच्या रांगेतल्या एकीनंही उघडला होता. किचनच्या दारात लायटर धरलेला हात तसाच.

तिसऱ्यांदा म्हणून झालं. आमचे पाळक राजेंद्र, फार सज्जन, भांडणाला फार भिणारे, वाकून कुजबुजले, "मावशी, म्हणून टाका ना. पुलाव राहिलाय."

"राहू दे," कांताबाई म्हणाल्या. कुजबुजून नव्हे. उठल्या आणि थेट फोनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सलाम, अमेरिकेची मंडळी. माझ्या आज्याला तुमच्या मिशनच्या साहेबानं बायबल दिलं. मी ते पानन् पान वाचलंय. त्यात मतपत्रिका ठेवलेली नव्हती. निवडणुकीत आमच्या गावच्या पाटलानं माझ्या बापाला सांगितलं होतं, उपासनेत माझं नाव घे, शाळेवर पत्रे घालून देतो. आम्ही आणखी तीन पावसाळे गळक्या शाळेत शिकलो. उदय, हे ट्रान्सलेट कर."

उदयनं केलं नाही. फोन उचलला, कोट उचलला, गेला. मग कांताबाईंनी डोळे मिटले, जिंकणाऱ्यासाठी मागितलं, हरणाऱ्यासाठी मागितलं, निघून गेलेल्या लेकासाठी मागितलं आणि म्हणाल्या, "आमेन." छत हललं. पुलाव उशिरा झाला, पण तसा पुन्हा झाला नाही.

दोन दिवसांनी टेक्सासला परतलेल्या उदयचा मेसेज आला: Better you don't come. कांताबाई वाचून दाखवत होत्या, तेवढ्यात मायराचा फोन. स्पीकरवर. मी होतोच.

"आजी, मी डॅडला सांगितला. आजीची आमेन नाही, तर मी पाण्यात जाणार नाही. It's my baptism."

फोन ठेवून कांताबाईंनी कपाटावरची बॅग खाली काढायला मला सांगितलं.

"अहो, पण दारातच अडवलं तर?" मी म्हटलं.

"तर दारात उभी राहीन. चारशे पोरं रांगेत उभी केलीत मी, टेक्सासचं काय घेऊन बसलात! वेम्बलीहून चिवडा आणा दोन किलो. उदयला तिखटच लागतो."

निघायच्या दिवशी पाळक हीथ्रोला सोडायला आले. गाडीतून बॅग उतरवताना चिंतेत म्हणाले, "मावशी, तुम्ही तीन आठवडे नाही. आमेन कोण म्हणणार?"

"तोंड आहे ना तुम्हाला?" कांताबाई म्हणाल्या. "पण आधी काय मागितलंय ते ऐका, मगच उघडा."