गोड दिलं की पोर गार पडतं

"हे बघा. हे खाऊन पोरं जगतात होय?"

आहारवाल्या मॅडमनी माझं फडकं सगळ्या वॉर्डासमोर सोडलं. आत नागलीच्या दोन भाकरी, एक उकडलेलं अंडं, मिठाची पुडी. मॅडमनी भाकर दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरतात तशी, आणि खाटांवरच्या सगळ्या बायांना दाखवली. बाया हसल्या. त्यातल्या दोघी माझ्याच बाजूच्या, पेठकडच्या. त्यापण हसल्या. मग भाकर कचऱ्याच्या डब्यात गेली. अंडंपण गेलं.

माझ्या मांडीवर पूनम होती. माझी लेक. अडीच वर्सांची. हातपाय काडी आणि पोट टम्म. नाशकातला दवाखाना, कुपोषित पोरांचा वॉर्ड.

"तुम्ही लोक पोरं काढता आणि वाऱ्यावर सोडता," मॅडम म्हणाल्या. "आईच अशी, तर पोरीनं काय करायचं?"

मी गप्प बसले. आश्रमशाळेत दहावी केलेली बाई मी, भाषणात पहिला नंबर काढलेली. तरी गप्प. कारण मला खरंच वाटलं की चूक माझीच असंल. ह्याचा मला आज लय राग येतो, त्या मॅडमपेक्षा जास्त.

पूनम अंगावर पीत होती तोवर चांगली गुटगुटीत होती. वरचं सुरू केलं आणि बिघडलं. अंगणवाडीच्या पाकिटातली गोड लापशी दिली की ओकायची. खोकल्याचं गोड औषध पाजलं की ओकायची. केळं दिलं, तेच. नागली, भात, अंडं, बिनसाखरेचं दूध मात्र पोटात राहायचं. पुढं पुढं गोडाचा नुसता वास आला तरी तोंड घट्ट मिटून घ्यायची. एवढुशी पोर, पण तिला कळत होतं. आम्ही मोठी माणसं म्हणायचो, लय नखरे हायेत हिचे.

आम्ही नवराबायको दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर असतो. मालकाकडं एक रीत होती. काढणीचा पहिला क्रेट भरला की मालकीणबाई मजुरांच्या पोरांना रांगेत उभं करायच्या आणि आपल्या हातानं द्राक्षं भरवायच्या. पुण्य लागतं म्हणे. पूनमनं तोंड फिरवलं. "माज बघा एवढ्याशीचा," बाई म्हणाल्या आणि गाल दाबून चार मणी कोंबले. मग आणखी चार. पोर घामानं निथळली आणि त्यांच्याच ओट्यावर ओकली. ओटा मी धुतला. वर मीच म्हणाले, "माफ करा बाई, चुकलं." काय चुकलं होतं? कुणाचं?

त्यानंतर पोर उतरतच गेली. गावच्या नर्सताईनं दंडाला मापाची पट्टी लावून बघितलं आणि आम्हाला नाशकाला धाडलं. नवऱ्याचं काम सुटलं असतं, म्हणून मी एकटीच आले.

वॉर्डात औषध म्हणजे दूधच. दूध, साखर, तेल एकत्र केलेलं. दर दोन तासांनी वाटी-चमच्यानं पाजायचं. बाकीच्या पोरांना ते मानवत होतं, खोटं कशाला बोलू. शेजारच्या खाटेवरची पोरगी चार दिवसांत हसाया लागली. पूनम मात्र वाटी दिसली की दात आवळायची. मग मॅडम तिचं नाक दाबायच्या. श्वास घ्यायला तोंड उघडलं की चमचा आत.

"आई, पाय धर तिचे."

मी धरले. माझ्या पोरीचे पाय मी माझ्या हातानं धरले. ती मॅडमकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

वाटी झाली की अर्ध्या तासात ओकारी. मग अंग गार, कपाळावर घाम, मान टाकलेली. मग पळापळ, मग सलाईन. सलाईन चढलं की डोळे उघडायची. परत वाटी, परत गार. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. मी मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, गोड दिलं की असं होतं. घरीपण होत होतं."

"तुला डॉक्टरकी कळते का? गप पाज."

पाचव्या दिवशी दुपारी राऊंड चालू होता. मॅडम वाटी घेऊन आल्या. पूनममध्ये दात आवळायचीपण ताकद राहिली नव्हती, तोंड आपोआप उघडं पडलं होतं. पोर हरली होती. मी वाटीवर हात ठेवला.

"नाय द्यायची."

"काय?"

"नाय द्यायची म्हणते ना."

साहेब म्हणाले, "लिहून घ्या आणि घरी पाठवा. मेलं पोर तर आमच्यावर नको."

सिस्टरनं कागद आणला. मला विचारलं नाय, सांगितलं नाय. सरळ माझा हात धरला, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदाकडं ओढला.

तिथं माझं टाळकं फिरलं. हात हिसकावून घेतला. म्हणाले, "पेन द्या."

"तुला येतं लिहिता?"

"पेन द्या!"

आधी वाचलं. मोठ्यानं वाचलं, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं. "माता सहकार्य करीत नाही. बालकास उपाशी ठेवते. आहार देण्यास नकार." त्याखाली माझं नाव, आणि पुढं अंगठ्याला जागा सोडलेली. मी त्याच्याखाली लिहिलं: "वरचं खोटं आहे. गोड दिलं की पोर ओकतं आणि गार पडतं. गोड दिलं नाही तर राहतं. पाच दिवस सांगते, कोणी ऐकत नाही. म्हणून मी वाटी अडवली." पूर्ण नावानिशी सही ठोकली. अंगठा निळाच होता.

"फार शिकलीस," साहेब म्हणाले.

"दहावी," मी म्हणाले, आणि खाटेवरून हलले नाय. काढा म्हटलं बाहेर, पोलीस बोलवा.

पोलीस आले नाय. एक शिकाऊ डॉक्टरीण आली. कागद तिच्याकडं फायलीला लावायला गेला होता, तो तिनं वाचला. एवढंच केलं तिनं, वाचलं. खाटेशी बसून विचारत गेली. आईचं दूध मानवायचं का? फळं? मध? ऊस चोखला की काय होतं? पाच दिवसांत मला प्रश्न विचारणारं पहिलं माणूस. तिनं त्याच दुपारी साखर बंद करायला लावली, आणि रक्त मुंबईला तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आला. जन्मतःच होतं ते दुखणं. आईबाप दोघांकडून रक्तातून आलेलं. सलाईनमधली साखर तिला चालते. पण घरच्या साखरेत, गुळात, फळांत जी दुसरी साखर असते, ती तिच्या यकृताला फोडताच येत नाय, विषासारखी साचते. त्याला गोळी नाय. आयुष्यभर ते टाळायचं, बस. डॉक्टरणीनं काय द्यायचं त्याची यादी लिहिली. भात. नागली. अंडं. बिनसाखरेचं दूध. मी ती यादी वाचली आणि तिथंच रडले, रागानं. ते तर मी फडक्यात बांधून आणलं होतं!

माफी कुणी मागितली नाय. साहेब म्हणाले, "फार दुर्मिळ असतं हे, आम्हाला कसं कळणार?" असंल दुर्मिळ. सगळे रोग ठावे पाहिजेत असं मी कुठं म्हणते? पण बाईचं ऐकायला रोगाचं नाव कशाला लागतं? वर साहेबांनीच मला विचारलं, "तुमच्यात नात्यात लग्नं होतात ना?"

"आमचं नाय झालं. तेपण लिहून देऊ का?"

पूनम आता सहाची हाय. शाळेत जाते. पोट उतरलंय, तरी यकृत तपासायला दर काही महिन्यांनी नाशकाला न्यावं लागतं. तेव्हा मी त्या वॉर्डात जाते. आमच्याकडच्या बाया अंग चोरून बसलेल्या असतात. मी त्यांना विचारते, पोराला काय सोसतं, काय सोसत नाय? आणि कागद आला की म्हणते, थांब, आधी वाचू दे. सिस्टर मला हाकलतात. मी परत जाते.

अजून कुणी पूनमच्या पायाला हात लावला की ती पाय आखडून घेते. का, ते तिला ठाऊक नाय. मला ठाऊक हाय. एक दिवस सांगीन तिला, की ते हात तुझ्या आईचे होते. काय म्हणायचं ते म्हण म्हणीन.

पण परत कुणी मला म्हणू दे, आई, पाय धर तिचे. मी त्याचा हात धरीन. वाटीसकट.