अण्णांची बोटं आणि वीस टक्के युरिया

गेल्या नोव्हेंबरात माझे वडील तीन आठवडे जिवंत नव्हते.

म्हणजे तसे ते चंदीगडला आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून होते, दिवसाला चार कप चहा पीत होते आणि इथल्या वांग्याला चव कशी नाही ते खालच्या मजल्यावरच्या सरदारजींना शुद्ध सांगलीच्या मराठीत समजावूनही देत होते. पण सरकारदरबारी नव्हते. पेन्शनवाल्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. हल्ली तो मशीनवर निघतो. काचेवर बोट ठेवायचं, काचेने ओळखलं तर माणूस जिवंत. महिनाअखेरपर्यंत ओळखलं नाही तर पेन्शन थांबते.

दिवाळीनंतर अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले होते. "दाखल्याचं इथंच उरकून टाकू, दोन मिनिटांचं काम," असं मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं. (ही माझी पहिली चूक. मोजायला घ्या.)

सेक्टर १७ मधल्या सेवा केंद्रात मशीनवर मनप्रीत मॅडम बसतात. त्यांनी अण्णांचा अंगठा ठेवला. लाल दिवा. तर्जनी. लाल. दहाच्या दहा बोटं झाली, दहा वेळा लाल! इथली कोरडी थंडी आणि अण्णांची कढत पाण्याने अंघोळ करायची सवय, यांनी मिळून बोटांच्या रेषाच गायब केल्या होत्या. वर दोन बोटांना भेगा. चेहऱ्याचं ॲपही लावून पाहिलं. पण आधार कार्डावरच्या फोटोत अण्णा भलत्याच कुठल्या तरी गृहस्थासारखे दिसतात, त्यामुळे ॲपने ओळख नाकारली. (मीही नाकारली असती.)

"अंकल जी, हाथ बहुत ड्राय हैं," मॅडम म्हणाल्या. "क्रीम-शीम लगाओ, फिर आना."

घरात शिरताच माझ्या आठ वर्षांच्या लेकीने, ईराने विचारलं, "आजोबा, हो गया?" (तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.)

"नाही बाळा. नापास झालो," अण्णा म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. अण्णांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. स्वतःची औषधं, भाच्यांची लग्नं, ईराच्या वाढदिवसाचा फ्रॉक, सगळं ते पेन्शनीतून करतात आणि मी पाकीट काढलं की डोळे वटारतात. ती पेन्शन माझ्या घरी राहायला आल्यामुळे अडकली, तर तोंड कुठे दाखवायचं?

मी आयटी पार्कात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. तेव्हा त्याच संध्याकाळी सात कंपन्यांची मॉइश्चरायझर आणून मी टेबलावर रांगेत मांडली आणि लॅपटॉपवर तक्ता उघडला.

"हे बघ मेधा," मी बायकोला म्हणालो, "बाटलीवरच्या यादीत जे सर्वांत जास्त असतं ते सर्वांत आधी लिहितात. यात पहिला कोण? पाणी! यात? पाणी! सातही बाटल्यांत पहिलं पाणी!"

"मग नळाचं लाव की," मेधा म्हणाली.

शास्त्रीय कामात घरच्यांची साथ नसते ती ही अशी.

मी सगळं वाचून काढलं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. शिया बटर आणि सिरामाइड कातडीतल्या फटी बुजवतात. पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. सुवासाचा उपयोग शून्य. (सुवासाची बाटली अण्णांनी नुसती हुंगली आणि सलग अकरा शिंका दिल्या.) ग्लिसरीन पाणी धरतं ना? मग क्रीममधल्या चमचाभर ग्लिसरीनसाठी एवढी बाटली कशाला? मी शुद्ध ग्लिसरीनच आणलं आणि अण्णांच्या दहाही बोटांना कोरडंच चोपडलं.

तासाभरात अण्णांच्या बोटांना टीव्हीचा रिमोट चिकटला. तो सोडवायला वर्तमानपत्र घेतलं, तर तेही चिकटलं! ईरा हसून हसून लोळली. हसण्यासारखं नव्हतं ते पुढे. आमच्या खोलीत हीटर, हवेत ओलाव्याचा पत्ता नाही. हवेत पाणी मिळालं नाही की नुसतं ग्लिसरीन ते कातडीतूनच ओढून घेतं. हे मी वाचलं, पण चौथ्या दिवशी. तोवर दोनाच्या चार भेगा झाल्या होत्या.

"घाबरू नका अण्णा," मी म्हणालो, "आता जोरदार औषध आणलंय." आणि ट्यूब पुढे केली.

अण्णांनी चष्मा लावला, ट्यूब लांब धरली आणि ताठ झाले.

"युरिया?"

"हो."

"अरे लेका, युरिया?"

इथे सांगायला हवं की अण्णा कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी बांधावर उभं राहून शेतकऱ्यांना एकच गोष्ट घसा फोडून सांगितली: युरिया जास्त टाकू नका!

"अण्णा, हा खताचा नाही. म्हणजे पदार्थ तोच, पण औषधासाठी शुद्ध केलेला. आपल्या कातडीतही मुळात असतो तो. कातडी मऊ करतो."

"किती टक्के?"

"वीस. दहाचाही होता, पण मी म्हटलं डबल घेऊ."

"डबल!" अण्णांनी ट्यूब खाली ठेवली. "असाच म्हणायचा तो आपला किसन. एका पोत्यात एवढं येतंय तर दोन टाकू, साहेब. करपला की ऊस सगळा!"

"अण्णा, मी तक्ता केलाय!"

तक्त्यापुढे बिचाऱ्यांचं काही चालेना. मी वीस टक्क्यांचा युरिया उघड्या भेगांवर लावला आणि अण्णांनी जी बोंब ठोकली ती खालच्या मजल्यावरच्या सरदारजींनी ऐकली. ते पळत वर आले. "की होया जी?" अण्णा बोटांवर फुंकर मारत म्हणाले, "खत टाकलं!" (दुकानदाराने ही ट्यूब टाचांच्या जाड कातडीसाठी असल्याचं मला दोनदा सांगितलं होतं. ते मी घरी सांगितलं नव्हतं. आजही सांगितलेलं नाही, तेव्हा हा मजकूर घरात कुणाच्या हाती लागू देऊ नका.)

महिना संपायला बारा दिवस उरले. मी शेवटचं अस्त्र काढलं. सकाळी निघायच्या आधी अण्णांच्या बोटांवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर दिला. बोटं कशी चकचकीत दिसायला लागली! मला वाटलं, आता मशीन स्वतः उठून नमस्कार करणार.

अण्णांनी अंगठा टेकवला तो काचेवरून सरकून थेट स्टेपलरवर गेला. मॅडमनी काच पुसली. परत ठेवला. परत सरकला. मग मशीनवर संदेश आला की काच अस्वच्छ आहे. मॅडमनी तिसऱ्यांदा फडकं काढलं आणि विचारलं, "अंकल जी, जलेबियाँ तल के आए हो?"

मागे पेन्शनरांची रांग. सगळे हसले. मीसुद्धा हसलो. मग अण्णांकडे बघितलं आणि माझं हसू तिथेच विरलं. ते आपला हात खिशात लपवत होते.

घरी येऊन त्यांनी बॅग काढली. "मी गावाकडं जातो. तिथल्या हवेत बोटं येतील ठिकाणावर. नाही आली तरी तिथं मला माणसं ओळखतात."

मेधाने माझ्याकडे असं बघितलं की मी शहाण्यासारखा तक्ता छापला, अण्णांपुढे ठेवला आणि म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं. तुम्हीच बघा आता."

अण्णा अर्धा तास वाचत होते. बोट ओळीवरून फिरत होतं. मग त्यांनी चष्मा काढला.

"हे ग्लिसरीन म्हणजे ओल धरणारं. बरोबर? हे बटर अन् सिरामाइड म्हणजे भेगा बुजवणारं. अन् ही जेली म्हणजे आच्छादन. उसाच्या रानात वाळल्या पानांचं पाचट पसरतो तसलं. ओल उडू नये म्हणून."

"हो अण्णा."

"मग गाढवा, कोरड्या रानावर आच्छादन टाकतोस होय? आधी पाणी कोण देणार? तुझा तक्ता?"

सात बाटल्या, एक तक्ता आणि इंजिनिअरिंगची पदवी, पण पाणी द्यायचं राहिलं होतं!

त्या दिवसापासून घरात कृषी सहायकांचा अंमल सुरू झाला. कढत अंघोळ बंद. कोमट पाण्यात पाच मिनिटं बोटं बुडवायची, टिपायची आणि ओलसर असतानाच ग्लिसरीन-सिरामाइडचं बिनवासाचं क्रीम लावायचं. भेगा भरून आल्यावर दहा टक्क्यांचा युरिया, तोही अगदी बेताने. झोपताना वरून जेलीचा पातळ हात, आणि ती पांघरुणाला लागू नये म्हणून हातात ईराच्या शाळेचे पांढरे मोजे! ईरा टाळ्या वाजवत ओरडायची, "आजोबा के हाथ स्कूल जा रहे हैं!" सकाळी बोटं धुऊन स्वच्छ पुसायची. मला फक्त पाणी कोमट करून द्यायची परवानगी होती.

महिना संपायला दोन दिवस असताना आम्ही तिसऱ्यांदा गेलो. बोटांना काहीही न लावता. अण्णांनी अंगठा ठेवला. मी डोळे मिटले. टिंग!

"आ गया!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "अंकल जी, बधाई हो!" रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी मान ताठ केली आणि मॅडमना म्हणाले, "मैं पहले से जिंदा था, मैडम." मला रडू आलं, अगदी खरंखुरं. तीन आठवड्यांचं ओझं उतरलं. बाहेर पडताच अण्णांनी स्वतःच्या पाकिटातून सगळ्यांना कुल्फी खाऊ घातली. मी पाकीट काढलं तर नेहमीसारखे डोळे वटारले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तीन आठवडे घरूनच काम केल्यावर दुसऱ्या दिवशी मी मोठ्या रुबाबात ऑफिसला गेलो आणि दारातल्या हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. परत ठेवला. लाल!

तेव्हा आठवलं. सातही क्रीम आणि तो वीस टक्क्यांचा युरिया मी तीन आठवडे रोज आधी स्वतःच्या अंगठ्यावर टेस्ट करत होतो. सवयच तशी. अंगठा पाहिला तर एकही रेष नाही, काचेच्या गोटीसारखा गुळगुळीत.

"सर जी," दरवान म्हणाला, "मशीन आपको पहचान नहीं रही."

दाराबाहेर उभं राहून मी घरी फोन लावला. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"घाबरू नको," ते म्हणाले. "नोव्हेंबर संपायला अजून एक दिवस आहे. मनप्रीत मॅडमकडं जा आणि आधी तुझा दाखला काढ. येताना ईराचे मोजे घेऊन ये, नवे. जुने आता तुला लागतील."