चौकातल्या दगडाला नारळ

आमचं गाव म्हणजे एक चौक. क्राइस्टचर्चपासून गाडीनं दीडेक तास. पश्चिमेला बर्फाचे डोंगर, उत्तरेला गोट्यांनी भरलेली नदी, जी धड एका पात्रात कधी वाहत नाही, आणि मधे सपाट कुरणं. माओरी लोक उन्हाळ्यात ईल मासे धरायला या काठानं जायचे. मग गोऱ्यांच्या मेंढ्या आल्या, मग गहू, गव्हासाठी रेल्वे. गहू गेला, रूळ उखडले, आता जिकडेतिकडे गाई. माणसांचं म्हणाल तर धारा काढणारे बरेचसे लोक दर जूनमध्ये फार्म बदलतात. ओळख होते न होते तोच शेजार नवा. मी दूध पावडरच्या कारखान्यात आहे म्हणून टिकले.

बाबा गेल्यावर आईला इथे आणलं. तिनं कायमचं राहावं म्हणून मी हट्टाला पेटले होते. ती हो म्हणेना, नाहीही म्हणेना. आल्या आल्या तिनं विचारलं, "गावात उंबरे किती?"

"असतील वीसेक."

"आणि ग्रामदैवत?"

मी हसले. नव्या गावात राहायचं तर आधी ग्रामदेवाला नारळ, हा तिचा शिरस्ता.

एका रविवारी डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, ब्रेड घेऊन बाहेर आले, तर चौकातल्या दगडी खांबापुढे आईनं नारळ फोडलेला! मी चटणीसाठी आणलेला. हळदकुंकूही वाहून झालेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते युद्धात मेलेल्यांचं स्मारक. त्यावरची नावं आजच्या वस्तीपेक्षा जास्त भरतील.

तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची गाडी थांबली. इथला रामराम घातला, "किया ओरा! ऑल गुड?" आईनं त्याच्या हातावर खोबरं ठेवलं. मी सारवासारव करत होते. त्यानं ते शांतपणे खाल्लं आणि एका नावावर बोट ठेवलं. त्याचा काका. इजिप्तमध्ये पुरलेला.

"विचार त्याला, काकाची आई गेली होती का तिथं?" आई म्हणाली.

नव्हती गेली. इथेच फुलं ठेवायची, तो म्हणाला, आणि निघून गेला.

घरी पोचलो. दारात चपला काढताना आई म्हणाली, "व्हिसाचं राहू दे. हातपाय चालतायत तोवर मला तिकडं आपल्या घरी सोड."

मला संताप आला. रडूही आलं. "आणि तिकडे तुला काही झालं तर? मी वेळेवर कशी पोचणार?"

"नाही पोचणार. पण तिकडं माणसं आहेत, ती उचलतील. इथं तू चार खांदे कुठून आणशील?"

मी त्या म्हाताऱ्यापासून मोजायला सुरुवात केली, आणि तिथेच थांबले.