सरांची एक हाक

"एकदा हाक मारली का थांबाचं," असं आमच्या अनसिंगच्या शाळेतले विज्ञानाचे सर म्हणायचे, आणि खरंच थांबायचे. दारात उभे, एक हात कानामागे. दुसरी हाक नाही म्हणजे नाही.

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो आणि शेजारीच राहायचो, त्यामुळे हा ताप मला रोजचा. हे वेड लागलं रडारवरून. पृथ्वीजवळून लघुग्रह जातो तेव्हा शास्त्रज्ञ त्याच्याकडे रेडिओलहर सोडतात आणि ती आपटून परत यायची वाट बघतात. आलेल्या लहरीवरून तो किती दूर, केवढा, कुठे चालला ते ओळखतात. सरांनी हे मुलांना शिकवता शिकवता घरात लागू केलं. "कोमल, चहा," म्हणायचं आणि थांबायचं. कोमल म्हणजे त्यांची एकुलती लेक. ती कप घेऊन यायचीच. वहिनी मात्र पहिल्या हाकेला मुद्दाम यायच्या नाहीत. "मी का आभाळातला गोटा हाओ?"

कोमलचं लग्न शिरपूरच्या मुलाशी ठरलं आणि नेमका लग्नाच्याच दुपारी एक लघुग्रह जवळून जाणार, म्हणून टीव्हीवाल्यांनी बोंब ठोकली. व्याही पहिल्या जीपनं हजर.

"तारीख बदला. नाही तं लगन राहू द्या."

सरांचा चेहरा पार उतरला. "अहो, चंद्राच्याई पल्याडून चालला तो."

"मंग टीव्हीवाले जवळ काहून म्हणून राह्यले?"

"तुमी नाही का म्हणत, शिरपूर जवळच हाय? दीड घंटा लागला न याले?"

व्याही हलेनात. मग सरांनी त्यांना घरामागच्या विहिरीवर नेलं. मीही गेलो. असला तमाशा तुम्ही तरी सोडला असता का?

"मारा हाक."

व्याही वाकून "ओऽऽ" ओरडले. आतून "ओऽऽ" आलं.

"पानी किती खाली हाय?"

"साठ फूट असन."

"उतरले होते काय?"

"उतराले कायले लागते? आवाजावरून समजते."

"मंग रडारवाल्यांनी बी तेच केलं. हाक मारली, वापस आली, मोजली."

 व्याह्यांनी वाकून आणखी एकदा "ओऽऽ" केलं. "खातरी करून घेतली," म्हणाले. तारीख कायम राहिली.

मंगलाष्टकं चालू असताना अर्धं वऱ्हाड वर बघत होतं. वर मांडवाचं कापड, तरी बघत होतं. अक्षता भलत्यांच्याच डोक्यात पडत होत्या. सर एकटे लेकीकडे बघत होते.

लघुग्रह त्याच्या वाटेनं गेला. संध्याकाळी कोमलही गेली. मांडवातल्या खुर्च्या गोळा व्हायला लागल्या, तसे सर ओसरीवर टेकले आणि सवयीनं म्हणाले, "कोमल, चहा."

हात कानामागे गेला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. 

सर थांबले, पुष्कळ थांबले. आणि मग त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली.