रेडिएटर कोरडा होता

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा बोललेलो नाही, आणि तिच्यापासून माझं बाकी काहीच लपलेलं नाही. पन्नास वर्षं होत आली. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणूनच बहुधा तुमच्यापुढं जीभ उचलतेय. जरा दमानं ऐका. मला थेट सांगता येणार नाही.

सत्तर सालानंतरची चार-दोन वर्षं. मी फौजेत गाड्यांचा फिटर होतो. सांगलीजवळ कृष्णाकाठी आमचं गाव, घरचा ऊस, घरची हळद. थोरल्या दादानं एक जुनी मोटार घेतली होती, काळी, जड दारांची. उन्हात तिच्या गादीला एक उबट वास यायचा. अजून कुठं तसा वास आला की मी थबकतो. गावात मोटार तेवढी एकच. अडलेली बाळंतीण सांगलीला न्यायची तर तीच, पाहुणे स्टँडवरून आणायचे तर तीच. आणि चालवणारा शंकर.

शंकर माझ्याच वयाचा, पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्यांच्यात चाक हाती धरलेला तो पहिलाच. घोंगड्याच्या तुकड्यानं रोज दोनदा मोटार पुसायचा. त्याची आई कधी आली तर दाराच्या कडीला हात लावून बघायची आणि लेकाकडं बघून हसायची. मी सुट्टीवर आलो की आम्ही दोघं मोटार नदीवर धुवायला न्यायचो आणि विड्या ओढत दुपार घालवायचो. काय दिवस होते, लय आठवतात. तो मला आप्पा म्हणायचा. मी त्याला दोस्त म्हणायचो. पुढचं ऐका, मग तुम्हीच ठरवा.

त्या सुट्टीत दादानं माझ्यासाठी वाईची मुलगी हेरली होती. चार दिवसांनी मोटारीनं बघायला जायचं होतं. तेवढ्यात मला अवदसा आठवली. थंड मुलखात आम्ही रेडिएटरमध्ये हिरवं कुलंट घालायचो, पाणी गोठू नये म्हणून. त्याचा एक डबा मी तिकडच्या बाजारातून विकत आणला होता. सांगलीत पाणी गोठतंय कशाला? पण गावाला फौजी फिटर दाखवायचा होता ना.

शंकर म्हणाला, "आप्पा, जुनं पानी काढू नगासा. तिला सवय झालीया त्याची."

मी हसलो. त्याच्या मेंढरांवरून काहीतरी बोललोही. धुण्याचा सोडा घालून रेडिएटर आतून असा धुतला की वर्षांचा गंज भळाभळा बाहेर आला. मग ऐटीत कुलंट भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीखाली हिरवं थारोळं. बारीक भोकं त्या गंजानंच बुजवून धरली होती — हे फिटरला कळायला नको होतं? मेंढक्याच्या पोराला कळलं होतं.

रेडिएटर उतरवून सांगलीतून भोकं झाळून आणायची, एका दिवसाचं काम. पण मग शंकरचं खरं ठरलं असतं. मार्केट यार्डात ट्रकवाले म्हणायचे, गळक्या रेडिएटरात चिमूटभर हळद टाकावी, गळती थांबते. आमच्या घरात हळदीला काय तोटा? शंकर जेवायला गेला तेव्हा मी एक मूठ टाकली. गळती कमी झाली, थांबली नाही. दुसरी टाकली. मग तिसरी. थांबली. कुणाला काही बोललो नाही.

वाईला निघालो त्या सकाळी शंकरनं टोपण काढून पाणी बघितलं. पिवळट रंग त्यानं माझ्या कुलंटचाच धरला असणार. कमी वाटलं म्हणून तांब्याभर ओतलंही. मी ओसरीवर दाढी करत होतो. मी बघितलं. हे नीट लक्षात ठेवा — मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मोटारीतला उष्णतेचा काटा कधीचाच मेलेला. साताऱ्याच्या अलीकडं वाफ दिसली, शंकरनं गाडी कडेला घ्यायच्या आतच कडकड आवाज झाला आणि इंजिन जाम झालं. भाजेल म्हणून मी दादा-वहिनींना, शंकरला लांब सारलं. थोड्या वेळानं गोणपाट धरून टोपण काढलं. आत पाणी होतं, आणि वर पिवळा लगदा. सगळ्या नळ्या हळदीनं बुजलेल्या.

दादानं बाभळीखालून विचारलं, काय झालं रं?

सांगायला एक क्षण पुरला असता. नाही का? मी म्हणालो, "रेडिएटर कोरडा हाय. पानी बघितलंच न्हाई ह्यानं."

"आवं, सकाळी मी घातलं की पानी," शंकर म्हणाला.

"पानी असतं तर इंजिन जाम झालं असतं व्हय?"

हे मी बोललो. फौजेतला फिटर बोलल्यावर कोण काय म्हणणार? शंकर चिडला नाही. तो नुसता आठवत राहिला.

साताऱ्याच्या गॅरेजात मिस्त्री हात घालायच्या आत मीच रेडिएटर उतरवला आणि नळाखाली धरून धुतला. बोटं पिवळी बघून वहिनी म्हणाल्या, भावजींना आधीच हळद लागली. सगळे हसले, मीही हसलो. एसटीनं वाईला गेलो, लग्न ठरलं. घरी आल्यावर दादानं शंकरला कामावरून काढलं. पाणी न बघणारा ड्रायव्हर, हे नाव पंचक्रोशीत झालं. त्याला पुन्हा कुणी मोटार दिली नाही. तो मेंढरांमागं गेला.

पाच-सहा वर्षांनी विट्याच्या स्टँडवर भेटला. खांद्यावर घोंगडं, केस पिकलेले. त्यानंच हाक मारली, चहा त्यानंच पाजला. मोटार कशी आहे विचारलं. मग खाली बघत म्हणाला, "आप्पा, लय दिस इचार केला. माझंच चुकलं हुतं. त्या दिवशी मी पानी बघितलंच न्हाई. आता मला सपष्ट आठवतंय. दादास्नी सांगा, मला माफी करा म्हनावं."

मोटार सुटली तशी त्याच्या आईनं हाय खाल्ली, असंही म्हणाला.

आणि मी? एसटी लागली होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रं शंकर. केली तुला माफी."