ओहोटी लागायच्या आत

राजाजीनगरला आमच्या समोर राहणारे अण्णा मूळचे कारवारकडच्या एका बेटावरचे. तिथली होडी नारळ आणि सुकी मासळी घेऊन बाजाराला निघायची ती भरतीलाच. ओहोटी लागली की चिखलात रुतून बसायची. बंगळुरात केस पांढरे झाले, तरी आमच्याकडे जेवायला आले की पायस वाढायच्या आत अण्णा उठायचे.

"येतो अक्का. पाणी उतरेल."

"अण्णा, घर समोरच आहे तुमचं," मी म्हणायचे. तोवर ते चपला शोधत असायचे.

एकदा ते जेवत असताना गल्लीतला नळाचा मोठा पाइप फुटला. अण्णा उष्ट्या हाताने दारात जाऊन बराच वेळ बघत राहिले आणि परत येऊन ऐसपैस मांडी घालून बसले.

"पाणी अजून चढतंय, अक्का. वाढा स्वल्प पायस."